इंडोनेशिया २०२४: राष्ट्राध्यक्षाची मोजणी सगळ्यांनी पाहिली, संसदेची कुणी?

सांजवात

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं बेकासीत काढली. जकार्ताला लागून पूर्वेकडचा हा कारखान्यांचा पट्टा. परत येऊनही बरेच दिवस झाले, पण १४ फेब्रुवारी २०२४ चा दिवस अजून डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

त्या दिवशी तिथे राष्ट्राध्यक्ष, संसद आणि प्रांताच्या व जिल्ह्याच्या सभा, सगळ्यांचं मतदान एकदमच होतं. नोंदलेले मतदार २० कोटी ४८ लाख, मतदान केंद्रं ८ लाख २० हजारांच्या वर. आमच्या गल्लीचं केंद्र बॅडमिंटनच्या मैदानावर मांडव घालून उभं केलं होतं. सकाळी ७ ते दुपारी १ मतदान. प्रत्येकाच्या हातात पाच मतपत्रिका: करडी राष्ट्राध्यक्षाची, पिवळी डीपीआरची म्हणजे संसदेच्या मुख्य सभागृहाची, लाल डीपीडीची म्हणजे प्रांतांच्या प्रतिनिधींची, निळी प्रांतिक सभेची आणि हिरवी जिल्ह्याच्या किंवा शहराच्या सभेची. मत द्यायचं ते खिळ्याने. आडोशाला एक खिळा बांधलेला असतो, त्याने कागदाला भोक पाडायचं, घडी घालून पेटीत टाकायचं आणि बाहेर पडताना बोट जांभळ्या शाईत बुडवायचं.

मी परकी, मला मत नव्हतं. पण मोजणी कुणालाही बघता येते, कारण ती त्याच मांडवात, सगळ्यांसमोर होते. समोरच्या घरातली इबू (तिकडे मोठ्या बाईला आदराने असंच म्हणतात) केंद्रावरच्या सात कार्यकर्त्यांपैकी एक होती. एकाने पेटीतून कागद काढायचा, उलगडायचा आणि उजेडासमोर धरायचा. भोकातून उजेडाचा ठिपका दिसला की नंबर पुकारायचा. मागून बाकीचे ओरडायचे, "साह!" म्हणजे वैध. फळ्यावर डकवलेल्या मोठ्या तक्त्यावर एकजण रेघ ओढायचा. चार उभ्या, पाचवी आडवी. पक्षांचे साक्षीदार खुर्च्यांवर, पोरंटोरं पुढे जमिनीवर, मागे सगळी गल्ली उभी. दोन नंबर पुकारला की एका बाजूने आरडाओरडा, एक नंबर आला की दुसऱ्या बाजूने. इतकी स्वच्छ मोजणी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

करड्या पत्रिका संपल्या. तक्त्याचे फोटो काढून झाले. आणि गल्ली घरी गेली.

पिवळ्या पत्रिका निघाल्या तेव्हा मांडवात ते सातजण, दोन पहारेकरी आणि पेंगुळलेले तीन-चार साक्षीदार उरले होते. पिवळी पत्रिका उलगडली की वर्तमानपत्राएवढी. १८ पक्ष, प्रत्येकाखाली उमेदवारांची नावं, फोटो नाहीत. भोक कुठे आहे ते शोधायलाच वेळ लागायचा. रात्री दीड वाजता मी थर्मासमधून चहा घेऊन गेले तेव्हा हिरव्यांना हातही लागला नव्हता. इबूचा आवाज बसला होता, तरी ती प्रत्येक कागद उजेडासमोर धरतच होती. ते "साह" ऐकायला मात्र कुणी नव्हतं.

ज्या सभागृहाने राष्ट्राध्यक्षाला आवर घालायचा, त्याच्या निवडीकडे कुणाचं लक्षच नाही, हे मला त्या रात्री फार लागलं. पुढे जे घडलं ते पाहून तर जास्तच. तुम्हाला काय वाटतं?

---

पाणवठा

फार जिवंत लिहिलंय, सांजवातताई. पण लक्ष राष्ट्राध्यक्षाकडे असणं साहजिक नाही का? देश त्यानेच चालवायचा. आणि निकाल इतका स्पष्ट होता की त्यात शंकेला जागा उरत नाही. प्राबोवो सुबियान्तो ५८.५९ टक्के, अनिस बास्वेदान २४.९५, गंजार प्रानोवो १६.४७. पहिल्याच फेरीत जिंकायचं तर निम्म्याहून जास्त मतं हवीत, शिवाय निम्म्याहून जास्त प्रांतांत किमान २० टक्के. प्राबोवो ३८ पैकी ३६ प्रांतांत पुढे होते, फक्त आचे आणि पश्चिम सुमात्रा अनिस यांच्याकडे गेले. २०१४ आणि २०१९ ला हाच माणूस जोको विडोडो, म्हणजे जोकोवींकडून हरला होता. लोकांनी या वेळी निवडला, मग तो मान्य करायला हवा.

---

रानवारा

निकाल मान्य आहे. माझा आक्षेप मतदानाच्या आधीच्या चार महिन्यांवर आहे.

प्राबोवोंच्या जोडीला उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार असलेले गिब्रान राकाबुमिंग राका हे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांचे थोरले चिरंजीव. सोलो शहराचे महापौर, वय ३६. कायद्यात किमान वय ४०. १६ ऑक्टोबर २०२३ ला घटना न्यायालयाने निकाल दिला की ४० पूर्ण नसलं तरी जो निवडून येऊन प्रांताचा किंवा शहराचा प्रमुख झालेला आहे त्याला उभं राहता येईल. नोंदणीला अवघे काही दिवस उरले होते. आणि त्या न्यायालयाचे प्रमुख अन्वर उस्मान हे जोकोवींचे मेहुणे, त्यांच्या बहिणीचे यजमान. नोव्हेंबरात न्यायालयाच्याच नीतिमंडळाने त्यांना प्रमुखपदावरून काढलं. निकाल मात्र तसाच राहिला आणि गिब्रान यांची उमेदवारीही.

पाणवठा, एका कुटुंबासाठी नियम बदलला जातो तेव्हा नंतरची मोजणी कितीही चोख असली तरी मला ते पुरेसं वाटत नाही. शिवाय निवडणुकीच्या तोंडावर सरकारी मदतीचा, दहा-दहा किलो तांदळाच्या पिशव्यांचा जो ओघ सुरू झाला, त्यावर न्यायालयाने पुढे चार मंत्र्यांना बोलावून विचारणा केली. २२ एप्रिल २०२४ ला दोन्ही पराभूत जोड्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या, पण आठपैकी तीन न्यायाधीशांनी वेगळं मत नोंदवलं. राष्ट्राध्यक्षपदाच्या वादात असं पूर्वी झालं नव्हतं.

---

पाणवठा

हे सगळं मतदारांना माहीत होतं. वर्तमानपत्रांत रोज येत होतं, वादचर्चांत विचारलं गेलं. तरी ९ कोटी ६२ लाख लोकांनी त्याच जोडीला मत दिलं. जोकोवींनी रस्ते, बंदरं, आरोग्य विमा दिला, लोकांना तेच पुढे चालू राहायला हवं होतं. मतदारांत निम्म्याहून जास्त चाळिशीच्या आतले. त्यांच्यापर्यंत प्राबोवो नाचाच्या छोट्या व्हिडिओंतून पोचले, अनिस आणि गंजार यांना ते तितकं जमलं नाही. आपल्याला आवडो न आवडो, पण लोकांना फसवलं असं म्हणणं म्हणजे त्यांना कमी लेखणं आहे.

---

रानवारा

लोकांना मी कमी लेखत नाही. माझं बोट लोकांकडे नाही, वरच्यांकडे आहे.

---

गणितवेडा

ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण संसदेचे आकडे माझ्या मते जास्त बोलके आहेत.

डीपीआरच्या ५८० जागा अशा वाटल्या गेल्या: पीडीआय-पी ११०, गोल्कार १०२, गेरिंद्रा ८६, नासडेम ६९, पीकेबी ६८, पीकेएस ५३, पान ४८, डेमोक्रॅट ४४. आता गंमत बघा. पहिल्या क्रमांकाचा पक्ष पीडीआय-पी, आणि त्याच पक्षाचे गंजार राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत तिसरे. प्राबोवोंचा स्वतःचा पक्ष गेरिंद्रा संसदेत तिसरा. मध्य जावाचे गंजार दहा वर्षं गव्हर्नर होते. तिथे पिवळ्या पत्रिकेवर पीडीआय-पी पहिला आला आणि करड्या पत्रिकेवर प्राबोवो. म्हणजे एकाच माणसाने एकाच खिळ्याने पाच मिनिटांत दोन वेगळे निर्णय घेतले. ताई, गल्ली घरी गेली असेल, पण मत देताना लोक झोपेत नव्हते.

प्राबोवोंच्या बाजूने लढलेले आणि संसदेत पोचलेले चार पक्ष म्हणजे गेरिंद्रा, गोल्कार, पान, डेमोक्रॅट. बेरीज करा: २८०. बहुमताला २९१ लागतात. ज्या मतदारांनी राष्ट्राध्यक्षाला ५८ टक्के दिले, त्यांनीच त्याच्या आघाडीला संसदेत बहुमताला ११ कमी पाडले.

---

अभ्यागत

मग ते २८० चं पुढे काय झालं?

---

सांजवात

तेच मला लागलं होतं, गणितवेडा. तुम्ही नेमकी बेरीज केलीत.

२८० चे ४७० झाले. अनिस यांच्या बाजूने लढलेले तिन्ही पक्ष, नासडेम, पीकेबी आणि पीकेएस, एकेक करून नव्या सरकारच्या पाठीशी गेले. नासडेमने मंत्रिपद घेतलं नाही, पण पाठिंबा दिला. मुहैमिन इस्कंदर हे अनिस यांच्याबरोबर उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते, करड्या पत्रिकेवर त्यांचा फोटो होता. ऑक्टोबरात ते प्राबोवोंच्या मंत्रिमंडळात समन्वय मंत्री झाले. आमच्या गल्लीत एक नंबरसाठी, म्हणजे अनिस यांच्यासाठी, ओरडणाऱ्या पोरांचा चेहरा मला आठवतो. त्यांना काय वाटलं असेल? सरकारला पाठिंबा न दिलेला उरला एकटा पीडीआय-पी, आणि त्याच्याकडूनही ठाम विरोध असा काही दिसला नाही.

इबूने मला तेव्हा एकच विचारलं होतं: मग आम्ही ते रात्रभर कशासाठी मोजलं?

---

रानवारा

आणि याची मुळं उमेदवारी देण्याच्या नियमात आहेत. राष्ट्राध्यक्षपदाला उमेदवार द्यायचा तर पक्षाकडे किंवा आघाडीकडे आधीच्या संसदेच्या २० टक्के जागा किंवा २५ टक्के मतं असायला हवी होती. म्हणजे २०२४ चे उमेदवार २०१९ च्या निकालावर ठरले. पीडीआय-पी सोडला तर कुणालाच एकट्याने उमेदवार देता येत नव्हता. त्यामुळे मोठ्या पक्षांच्या आधी मोळ्या बांधल्या जातात, त्यात जागा, पैसा, मंत्रिपदं यांची बोलणी होतात, आणि निवडणूक झाल्यावर त्याच मोळ्या सोडून पुन्हा बांधल्या जातात. विचारसरणीचा प्रश्नच येत नाही. २ जानेवारी २०२५ ला घटना न्यायालयाने ती अट रद्द केली. २०२४ गेली, पण २०२९ ला निदान छोट्या पक्षांना स्वतःचा माणूस उभा करता येईल.

---

जुनी_पाटी

मी निवृत्त शिक्षिका. मतपत्रिकांच्या काळात निवडणुकीच्या कामावर गेले आहे, त्यामुळे त्या सातजणांचा विचार मनातून जाईना. रात्री दीडलाही संपलं नाही म्हणता, मग संपलं कधी? आणि त्यांना मानधन काय मिळतं?

---

सांजवात

जुनी_पाटी ताई, सकाळी सव्वासहाला संपलं. कायद्याने त्याच दिवशी संपवायचं, नाहीतर खंड न पाडता पुढचे १२ तास, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत. मोजणीनंतर प्रत्येक प्रकारच्या मतांचे तक्ते, त्यांच्या नकला, प्रत्येक साक्षीदाराच्या सह्या. एक आकडा चुकला की सगळं परत जुळवायचं. इबू आदल्या दिवशी मांडव घालायलाही होती, म्हणजे सलग दोन दिवस नीट झोप नाही.

२०१९ ला ही पाच पत्रिकांची एकत्र निवडणूक पहिल्यांदाच झाली तेव्हा ८९४ कार्यकर्ते दगावले. ५ हजारांहून जास्त आजारी पडले. अतिश्रम, आणि आधीपासूनचे हृदयाचे, रक्तदाबाचे आजार. एका निवडणुकीत एवढी माणसं, आणि त्यातली कुणी सैनिक नव्हती, शेजारीपाजारी होती. म्हणून २०२४ ला वयाची मर्यादा १७ ते ५५ केली, आरोग्य तपासणी सक्तीची केली. मानधन वाढवलं: आधी सदस्याला ५ लाख रुपिया होतं ते ११ लाख झालं, प्रमुखाला १२ लाख. या वेळी मृत्यू पुष्कळ कमी झाले, तरी शंभराच्या वर गेलेच.

आमच्या इबूचं वय ५३ होतं. तिच्या मुलीने तिला नको म्हणून फार विनवलं होतं. तरी ती गेली.

---

जुनी_पाटी

वाचून घशाशी आलं. आमच्या वेळी रात्र जागून पेट्या जमा करायच्या, पण मोजणी दुसऱ्यांकडे असायची. मतदान घेणाऱ्यांनीच लगेच मोजायला बसायचं, आणि तेही पाच वेगवेगळ्या निवडणुकांचं, हे माणसाच्या ताकदीबाहेरचं आहे.

---

अभ्यागत

पण निकाल तर त्याच संध्याकाळी कळला होता ना? प्राबोवोंनी रात्री जकार्तात विजयाचं भाषण केलं हे आठवतंय.

---

गणितवेडा

तो अधिकृत निकाल नव्हता. त्याला तिकडे झटपट मोजणी म्हणतात. सर्वेक्षण संस्था दोनेक हजार किंवा त्याहून जास्त केंद्रं आधीच शास्त्रशुद्ध पद्धतीने निवडतात आणि तिथल्या तक्त्यांचे खरे आकडे मागवतात. मतदारांना विचारून केलेला अंदाज आणि हे, यांत मोठा फरक आहे, कारण इथे मोजलेली मतंच घेतात. पश्चिमेकडचं मतदान संपून दोन तास झाल्यावर, म्हणजे जकार्ताच्या वेळेने दुपारी ३ नंतर आकडे दाखवायला परवानगी असते. अधिकृत निकाल निवडणूक आयोगाने, म्हणजे केपीयूने, २० मार्चला जाहीर केला. दोन्हींत फरक अगदी थोडा.

मधल्या काळात घोळ झाला तो सिरेकाप नावाच्या ॲपमध्ये. केंद्रावर तक्त्याचा फोटो काढायचा, ॲपने आकडे वाचायचे, अशी योजना. ॲपने हाताने लिहिलेले आकडे चुकीचे वाचले, काही केंद्रांवर मतदारांपेक्षा कितीतरी जास्त मतं दिसायला लागली. मार्चच्या सुरुवातीला आयोगाने त्या आकड्यांचा आलेख दाखवणंच बंद केलं. पण तक्त्यांचे फोटो उघडे राहिले, आणि कवाल पेमिलू सारखे स्वयंसेवक २०१४ पासून हेच फोटो बघून स्वतंत्र बेरीज करत आले आहेत. ताईंनी सांगितलेल्या चार उभ्या आणि एका आडव्या रेघेचं महत्त्व इथे आहे. ॲप चुकलं तरी कागद बदलत नाही.

---

पाणवठा

हे मला माहीत नव्हतं. एक प्रश्न: पीपीपी हा जुना मुस्लिम पक्ष संसदेतून बाहेर कसा गेला? मतं तर होती.

---

गणितवेडा

३.८७ टक्के. डीपीआरमध्ये यायला देशभरात किमान ४ टक्के मतं लागतात. १९७३ ला स्थापन झालेला हा पक्ष सुहार्तोंच्या काळातही संसदेत होता, २०२४ ला पहिल्यांदाच बाहेर. ५८ लाखांहून जास्त मतं पडली, कमी पडली ती दोन लाखांच्याही आतच. त्या ५८ लाखांतून एकही खासदार नाही. जोकोवींचे धाकटे चिरंजीव ज्या पीएसआयचे अध्यक्ष झाले, तोही २.८१ वर अडकला.

उंबरठा ओलांडलेल्या पक्षांत मग मतदारसंघवार वाटप. ८४ मतदारसंघ, प्रत्येकात ३ ते १० जागा. पक्षाच्या मतांना १, ३, ५, ७ असं भागत जायचं आणि सगळ्यांत मोठे भागाकार निवडायचे. समजा ४ जागा आहेत, आणि तीन पक्षांना ९०, ४० आणि २६ हजार मतं. पहिल्याचे भागाकार ९०, ३०, १८. दुसऱ्याचे ४०, १३. तिसऱ्याचे २६, ९. सगळ्यांत मोठे चार म्हणजे ९०, ४०, ३०, २६. म्हणून वाटप २, १, १. पक्षाला मिळालेली जागा त्याच्या यादीत सगळ्यांत जास्त व्यक्तिगत मतं घेणाऱ्याला जाते. त्यामुळे उमेदवाराची खरी लढाई स्वतःच्याच पक्षातल्या माणसाशी असते, आणि पैसा तिथे वाहतो.

२९ फेब्रुवारी २०२४ ला न्यायालयाने सांगितलंय की ४ टक्क्यांचा हा आकडा २०२९ च्या आधी नव्याने ठरवा.

---

सांजवात

पैशाचं अगदी खरं. मतदानाच्या पहाटे जी पाकिटं वाटतात त्याला तिकडे "सरांगान फजार" म्हणतात, पहाटेचा हल्ला. आमच्या गल्लीत आलेली पाकिटं राष्ट्राध्यक्षाच्या नावाने नव्हती. निळ्या आणि हिरव्या पत्रिकेवरच्या उमेदवारांची होती, आत नोटेबरोबर नाव आणि यादीतला क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. मला धक्का बसला तो हे सगळं किती उघडपणे चाललं होतं त्याचा. इबूने तिच्या घरी आलेलं पाकीट परत पाठवलं, केंद्रावर काम करणार म्हणून. बाकी घरांनी ठेवून घेतली, आणि त्यांना मी दोष देऊ शकत नाही. निवडून आल्यावर तो माणूस पुन्हा गल्लीत दिसणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

---

रानवारा

म्हणूनच निवडणुका वेगळ्या करणं हा मला खरा उपाय वाटतो. २६ जून २०२५ ला घटना न्यायालयाने तसा निकाल दिला आहे: २०२९ पासून राष्ट्रीय आणि स्थानिक निवडणुका वेगळ्या, मध्ये दोन ते अडीच वर्षांचं अंतर. राष्ट्राध्यक्ष, डीपीआर आणि डीपीडी एका दिवशी. प्रांत, जिल्हा, शहर, गव्हर्नर, महापौर नंतर.

---

पाणवठा

खर्च वाढेल, आणि स्थानिक सभांची मुदत वाढवायची की मध्ये माणसं नेमायची हा मोठा पेच उभा राहील. शिवाय राष्ट्राध्यक्ष आणि संसद अजूनही एकाच दिवशी. ताईंचा मूळ प्रश्न तसाच राहतो.

---

सांजवात

राहतो, पाणवठा. करडी आणि पिवळी एकत्रच राहणार, आणि करडीनंतर लोक घरी जाणारच. वेगळ्या ठेवल्या तरी निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष संसदेतल्या पक्षांना आपल्याकडे ओढायचा थांबेल असं मला वाटत नाही.

पण ती बातमी आली त्या दिवशी मी इबूला व्हिडिओ कॉल केला. तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. २०२९ ला ती ५५ च्या पुढे गेलेली असेल, केंद्रावर बसता येणार नाही, मुलीने नाव द्यायचं ठरवलंय. इबूने बोटांवर मोजलं: करडी, पिवळी, लाल. "तीनच," ती म्हणाली, "म्हणजे अकरा-बारापर्यंत संपेल. आणि या वेळी मी खुर्ची घेऊन बसणार, पिवळी संपेपर्यंत."